मंजूची वाटी

फोन आला तेव्हा मी नाशिकला माहेरी बॅगा भरत बसले होते. दोह्याला परत जायचे दिवस जवळ आले होते, आणि लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळावी की हातातल्या पिशवीत घ्यावी यावरून माझी आणि वहिनीची जुंपली होती. फोन मिरजेहून होता, आमचे जुने शेजारी भाऊ, त्यांच्या पुतण्याचा. "काकू गेल्या," एवढंच तो म्हणाला आणि मला आधी कळेचना, कोण काकू? मग कळलं. आमच्या इंदूताई… झोपेतच गेल्या, त्रास असा काही झाला नाही, असं तो पुढे सांगत होता. लाइनवर खरखर होती, आणि त्या खरखरीतून मला, खोटं नाही सांगत, बीटरचा आवाज ऐकू आला. घर्र… घर्र… मग थोडं थांबणं, मग पुन्हा घर्र. कतारच्या घरात कितीतरी वर्षं स्वयंपाकघराच्या पातळ भिंतीतून ऐकलेला आवाज. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. उलट असलं काही कुणी सांगायला लागलं की मीच आधी तोंड सोडते. पण त्या दुपारी रिसीव्हर खाली ठेवल्यावर मी भिंतीला कान लावून बघितला. वहिनीने बरणी हातातल्या पिशवीत ठेवून दिली.

आमची ओळख उम्म सईदची. आता नकाशावर मेसईद लिहितात, तेव्हा सगळे उम्म सईदच म्हणायचे. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आमचे हे आणि इंदूताईंचे यजमान, ज्यांना मी भाऊ म्हणायचे, दोघेही तिथल्या खताच्या कारखान्यात. कंपनीची जोडघरं होती, मधे एकच भिंत, मागे दोघींना मिळून एक अंगण. अंगण म्हणजे वाळूच, पण आम्ही त्याला अंगणच म्हणायचो. पलीकडे चिमणीवरची ज्योत दिवसरात्र जळत असायची आणि वारा फिरला की अमोनियाने डोळे चुरचुरायचे. मी केतकीला घेऊन तिथे उतरले त्याच संध्याकाळी इंदूताई डब्यात थालीपीठं घेऊन आल्या. उंच, सडसडीत, नऊवारी सोडून नुकत्याच पाचवारीत आलेल्या, त्यामुळे चालताना सारख्या निऱ्या सावरायच्या. केतकी माझ्यामागे लपली होती. तिच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. "कितवं लागलं हिला?" मी म्हटलं, सहावं. "आमच्या मंजूलाही सहावंच लागलं असतं," त्या म्हणाल्या आणि लगेच, "थालीपीठ गरम आहे तोवर खाऊन घ्या गं," म्हणून निघून गेल्या. त्या 'असतं'वर मी रात्रभर जागी होते.

आमच्या समोरच्या घरात मॅगी राहायची, स्कॉटलंडची. नवरा तिचा यंत्रांच्या दुरुस्तीवर होता. बाई मोठी हौशी. ऑक्टोबर लागला की ती 'ऑटम' आल्याचं जाहीर करायची. आता सांगा, बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ धरते, ब्लाउज पाठीला चिकटतो, आणि गळायला पान असावं तर त्यासाठी आधी झाड तरी नको का! पण मॅगीचं आपलं ठरलेलं. सफरचंदं दालचिनी घालून ओव्हनमध्ये भाजायची, वर ओट्सचा कुरकुरीत थर आणि त्यावर घरी फेटलेल्या क्रीमचा पांढराशुभ्र डोंगर. पहिल्या वर्षी तिने आम्हा दोघींना बोलावलं. मी आपली चवीने खात होते. इंदूताईंनी चमचा तोंडात घातला आणि त्या तशाच थांबल्या. चमचा तोंडात, डोळे मिटलेले. मॅगी बिचारी घाबरली, "इंदू, इज इट बॅड?" म्हणून विचारायला लागली. इंदूताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "शैला, ही साय आहे गं."

साय तिथे मिळणार कुठून? दूध पावडरचं. त्यावर धरायची ती नुसती कागदासारखी सुरकुती. आम्ही त्याचं दुःख करायचो, पण ते आपलं चहाबरोबर करायचं दुःख. इंदूताईंचं तसं नव्हतं हे मला त्या दिवशी कळलं. घरी येताना वाळूतल्या पायवाटेवर त्यांनी सगळं सांगितलं, अगदी सपाट आवाजात, जणू बाजाराची हकीकत सांगताहेत. मंजू साय-साखरेची वेडी. रोज दुपारी वाटी घेऊन दाराशी बसायची, बोटाने कडेकडेने चाटत आत जायची, मधला साखरेचा ढीग शेवटी. मग तिला कावीळ झाली. डॉक्टरांनी बजावलं, तूप नाही, तेल नाही, साय तर नावालाही नाही. पोर अंथरुणातून म्हणायची, "आई, एवढीशी." आणि इंदूताई म्हणायच्या, "बरी झालीस की वाटी भरून देईन." "जाळीच्या कपाटाला कुलूप लावलं होतं मी, शैला. ती उठून घेईल म्हणून. तिच्यात उठायची ताकद नव्हती… आणि मी कुलूप लावलं." ती बरी झाली नाही. वर्षाच्या आत भाऊंनी कतारची नोकरी धरली. पथ्य होतं हो, तुमचा काय दोष, असं मी म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं असणार. त्यांनी मान हलवली आणि निऱ्या सावरत पुढे चालू लागल्या.

दुसऱ्याच दिवशी मॅगीकडे शिकवणी सुरू झाली. मॅगीला मराठी येत नाही, इंदूताईंना इंग्रजी चार शब्द, पण दोन बायकांना स्वयंपाकघरात भाषा लागते कुठे? जाड क्रीमची खोकी दोह्याच्या कोल्ड स्टोअरमध्ये मिळायची. शुक्रवारी कंपनीच्या बसने जायचं, बर्फाच्या डब्यात घालून आणायचं. ड्रायव्हर 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला चला, करत असायचा आणि इंदूताई डबा मांडीवर घेऊन तान्ह्या मुलासारखा धरून बसायच्या. एवढं करून आणलेल्या क्रीमचं पहिल्यांदा काय झालं? लोणी! दुसऱ्यांदा? लोणी! मॅगी ओरडत असायची, "स्टॉप, इंदू! नाऊ!" पण इंदूताईंचा हात काही थांबायचा नाही. जन्मभर रवी फिरवलेला हात तो. घुसळायला घेतलं की लोणी येईपर्यंत घुसळायचं हेच त्याला ठाऊक. मलाही ते जमायचं नाही. मॅगीला वाटायचं, ह्या बायका मुद्दाम करतात की काय. भाऊ मात्र खूश. महिनाभर थालीपीठावर ताजं लोणी. "चालू दे शिक्षण," म्हणायचे, "पास व्हायची घाई नाही." भाऊंनी केलेला विनोद मी तो एकच ऐकला. एरवी हा माणूस घरात आहे की नाही हे चपला बघून ठरवावं लागे.

शेवटी इंदूताईंना ते आवाजावरून सापडलं. बीटर हलकं असतं तोवर आवाज पातळ, मग जरा जड, मग एक क्षण असा येतो की आवाज दबतो. तिथे हात उचलायचा. पातेलं आधी बर्फात, साखर दळून चाळलेली, केशर घालायचं तर चमचाभर दुधात भिजवून ते पूर्ण गार झाल्यावर. "कोमट केशर घातलंस की खलास," असं त्या मला बजावायच्या, तो अरबी शब्द त्यांनी अगदी मिरजेचा करून टाकला होता. जायफळ सगळ्यात शेवटी, नुसतं किसणीला टेकवल्यासारखं. पुढे पुढे सगळ्या कॉलनीत त्यांचं नाव झालं. कोजागिरीला आम्ही मराठी लोक जमायचो. लग्नाविना किंवा बायको गावी ठेवून राहिलेले फिटर, ड्रायव्हर, कुणी रत्नागिरीचे, कुणी बीडचे. मसाला दूध असायचंच, पण सगळ्यांचा डोळा इंदूताईंच्या भोपळ्याच्या घारग्यांवर. गरम घारगा, वर जायफळाचं गार क्रीम. कधी शिजवलेल्या खजुरावर वेलचीचं. मॅगी त्याला 'इंडियन ऑटम' म्हणायची. एक बीडचा वेल्डर तर म्हणाला होता, "ताई, हे खाल्लं अन् म्हशीची आठवण आली बगा." सगळे हसले. इंदूताईही हसल्या.

पण कोजागिरीचं क्रीम नंतरचं. पहिलं क्रीम व्हायचं त्याच्या आधी, सर्वपित्री अमावास्येला, आणि ते कुणाला दिसायचं नाही.

मंजूचं श्राद्ध नव्हतं. मिरजेच्या भटजींनी सांगितलं होतं, एवढ्या लहान मुलांचं करत नाहीत, त्यांचा जीव अडकत नाही, लगेच पुढे जातो. "पुढे गेली असेल तर चांगलंच आहे," इंदूताई म्हणायच्या, "पण नसली गेली तर? तिच्या नावाने कुणी पान वाढणार नाही, कुणी हाकही मारणार नाही. मी म्हटलंय तिला, वाटी भरून देईन." त्यांना दुसरं काही नको होतं. त्यांनी द्यायची आणि मंजूने घ्यायची, एवढंच. क्रीम साधल्यावरच्या पहिल्याच सर्वपित्रीला त्यांनी स्टीलची छोटी वाटी भरली, मधे साखर घातली, परातीत बर्फ घालून त्यात ती बसवली आणि मागच्या दाराच्या पायरीवर ठेवली. दार किलकिलं ठेवलं. एसी चालू असताना दार उघडं राहिलं तर आमच्या कॉलनीत आरडाओरडा व्हायचा, पण भाऊ दार तसंच ठेवून कामावर निघून गेले. मी आपली शहाणी, विचारलं, "पण इथे कावळा कुठला? समुद्रावरचे ते पांढरे पक्षी तेवढे." इंदूताई म्हणाल्या, "ती कावळ्याच्या रूपाने कशाला येईल? एवढीशी पोर. तिच्या पायांनी येईल." मी घरी येऊन कणीक मळायला घेतली.

ऊन उतरत असताना भिंतीवर थाप पडली. आमची ती खूण होती. मी गेले तर इंदूताई पायरीवर बसलेल्या, वाटी दोन्ही हातांत. आतलं क्रीम कडेकडेने चाटलेलं. बारीक बोटाच्या रेघा, एकाला लागून एक, गोल गोल आत गेलेल्या. मधला साखरेचा ढीगही नव्हता. मांजराची जीभ असली तर सारखं पुसलं जातं, ही बोटं होती. "घेतली गं," त्या म्हणाल्या. "घेतली तिने." इतक्या वर्षांत त्यांचा तसा चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही. मी त्यांना जवळ घेतलं आणि मनात म्हटलं, केतके, तुला बघते! कारण अंगण एकच आणि बोटं तेवढीच. घरी आले तर केतकी मोरीत हात धूत उभी. मी हळूच विचारलं, ताईंकडची वाटी तू खाल्लीस का? "नो, आई." मुलं शाळेत जायला लागली की खोटंही इंग्रजीत बोलतात, असं मी ह्यांना सांगितलं आणि विषय तिथेच सोडला. कुणाचं काही नुकसान झालं नव्हतं. उलट एका आईचा जीव थंड झाला होता. मी का म्हणून सांगायला जाऊ?

पुढच्या वर्षापासून ती वाटी रिकामी होतच गेली. दर सर्वपित्रीला भिंतीतून घर्र… घर्र… मग शांतता, मग ऊन उतरताना थाप. मी गेले की त्या वाटी दाखवायच्या आणि म्हणायच्या, "घेतली बघ." केतकीला आता त्याची गोडी लागली असणार, असं मी धरून चालले. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. वाटीतली चव बदलत होती. पहिल्या वर्षी नुसती साखर. मग एका वर्षी चॉकलेट. मग संत्र्याची साल किसून. सर्वपित्री जवळ आली की इंदूताई सहज विचारायच्या, "केतकीला हल्ली काय आवडतं गं?" मला वाटायचं, मायेने विचारतात. मी सांगायची, चॉकलेटचं वेड लागलंय, हल्ली गोड नको म्हणते, असं काहीबाही. मग केतकीचं बोर्डाचं वर्ष आलं आणि अभ्यासासाठी तिने कॉफी सुरू केली. त्या सर्वपित्रीला मी पोळ्या लाटत होते आणि भिंतीपलीकडून कॉफीचा वास आला. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. मला सगळं एकदम कळलं. ती बाई पलीकडे आपली मुलगी वाढवत होती. वर्षाला एक वाटी. आणि माप माझ्या मुलीचं होतं.

मी तशीच पिठाच्या हातांनी गेले. मला भीती वाटली होती आणि भीती वाटली की मला राग येतो, तो माझा स्वभावच आहे. "इंदूताई," मी म्हटलं, "केतकीवरून माप घेत जाऊ नका. मला नाही आवडत. जिवंत पोर आहे ती." त्या क्रीम फेटत होत्या. आवाज दबला, त्यांनी हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग कुणावरून घेऊ गं? तूच सांग. दुसरी कोण आहे तिच्या वयाची?" मी रडले, मग त्याही रडल्या. पातेल्यातलं क्रीम मात्र त्यांनी त्यातही आठवणीने फ्रीजमध्ये ठेवलं. शेवटच्या वर्षी उम्म सईदला वाटीत केशर होतं, भरपूर. मी काही विचारलं नाही. केतकीसाठी आम्ही कुठे स्थळं बघत नव्हतो, ती कॉलेजला पुण्याला निघाली होती. पण इंदूताईंच्या हिशेबाने मुली लग्नाच्या झाल्या होत्या.

मग भाऊ निवृत्त झाले, ती दोघं मिरजेला परतली आणि आम्हीही उम्म सईद सोडून दोह्यात अल अझीझियाला फ्लॅट घेतला. नव्या घराच्या भिंती जाड आहेत, शेजारी दुसरेच. तरी सप्टेंबरात काचांवर ओल धरायला लागली की मला भिंतीतून घर्र… असं ऐकू यायचं. एसीचा पंखा असेल म्हणून माझं मेकॅनिकलाही बोलावून झालं. त्याला काही सापडलं नाही.

नाशिकहून मी मिरजेला गेले तेव्हा दिवस उरकले होते. घरात भाऊ एकटेच. त्यांनी मला चहा करून दिला. मिरजेचं म्हशीचं दूध, चहावर जाड साय आलेली, ती त्यांनी गाळणीने अलगद बाजूला काढली. मी म्हटलं, "भाऊ, इथे तर साय हवी तेवढी. इंदूताईंना आता फेटायची गरज नसेल पडली." ते म्हणाले, "छे वो. इथंही फेटायची. डेअरीतनं क्रीम आणवायची. अन् इथं आणि कावळे! अख्ख्या गावात लोक गच्चीवर चढून काव काव करून बोलवायले, अन् आमची ही हातात टॉवेल घेऊन हाकलायली. 'हे मंजूचं आहे, तुमचं नाही' म्हणायची." आम्ही दोघं हसलो. हसता हसता ते उठले, आत गेले आणि स्टीलची वाटी आणि बीटर घेऊन आले. दोन्ही घासूनपुसून ठेवलेलं.

"वहिनी, एक सांगतो," ते म्हणाले. "कुणाला बोललो नाही. ती वाटी… मी चाटायचो." या माणसाने माझ्याशी सलग एवढं कधी बोलून दाखवलं नव्हतं. "पहिल्या वर्षी तुमच्या केतकीनं खाल्ली. मी कामावर होतो, घरी आलो तर ही अशी बसलेली, चेहरा उजळलेला. मला वाटलं, पुढच्या वर्षी ती पोर नाही आली तर? हिचं काय होईल? म्हणून मग दरवर्षी मी दुपारी अर्ध्या तासासाठी सायकलनं यायचो, मागल्या दारानं. करंगळीनं चाटायचो. मोठं बोट उमटलं असतं तर तिला कळलं असतं." काहीतरी बोलायचं म्हणून मी मूर्खासारखं विचारलं, "आवडायचं का पण तुम्हाला?" "मला साखर आहे, वहिनी," ते म्हणाले. "डायबेटीस. पण वर्षातनं एकदा काय होतंय."

इंदूताईंना कळलं होतं का, हे मला विचारल्याशिवाय राहवेना. भाऊ वाटीची कड अंगठ्याने पुसू लागले. "काय माहीत. मला साखर निघाली त्या वर्षी वाटी भरताना आपणहून म्हणाली, 'आता मंजूला साखर जरा कमीच घालत जाते.' माझ्याकडे बघितलं नाही तिनं. मीपण काही बोललो नाही." म्हणजे कळलं असावं. आणि तरीही ती बाई वर्षानुवर्षं फेटत राहिली, दार किलकिलं ठेवत राहिली, मला थाप मारून बोलावत राहिली… कारण पहिल्या वर्षी भाऊ कामावर होते. पहिली वाटी भाऊंची नव्हती, हे इंदूताईंना पक्कं ठाऊक होतं.

निघताना भाऊंनी वाटी आणि बीटर माझ्या पिशवीत घातलं. "यंदा तुम्ही ठेवाल का? परवा मी करून बघितलं. लोणी आलं." मग म्हणाले, "अन् तिथंच ठेवा, कतारला. तिनं पहिल्यांदा तिथंच घेतली होती. चवबिव काही नको आता. साधी करा, साखर घालून. मंजूला आता तिची आई भेटली असंल." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड होतं कुठे?

परतताना पुण्याला केतकीच्या हॉस्टेलवर उतरले. कॅन्टीनमध्ये तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "बघ, तुझ्या एका चोरीने केवढं झालं." केतकीने कप खाली ठेवला. "आई, मी तेव्हाच सांगितलं होतं. इट वॉजन्ट मी." मी म्हटलं, अगं आता कोण रागावतंय तुला! "खरंच नाही, आई. मला ती दारातली वाटी बघून भीती वाटायची. मी त्या बाजूला जायचेच नाही. हात मी रंगांचे धूत होते." तिचा चेहरा मी ओळखते, माझ्याच पोटची आहे. ती खोटं बोलत नव्हती. आमच्या त्या अंगणात तेवढी बोटं असलेलं दुसरं मूल नव्हतं. मॅगीला मुलं नव्हतीच. भाऊंना हे मी कळवलेलं नाही. कळवावं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

सर्वपित्री परवाच झाली. शुक्रवार होता, हे घरी होते. मिरजेची सगळी गोष्ट मी ह्यांना आल्या आल्या सांगितली होती, करंगळीसकट. तेव्हा ह्यांनी नुसतं "हं" केलं होतं. मी पातेलं बर्फात ठेवलं आणि बीटर फिरवायला लागले. आयुष्यात कितीदा क्रीमचं लोणी केलं असेल मी, पण या वेळी आवाज दबला आणि माझा हात आपोआप वर आला. कुणी मनगट धरल्यासारखा. मी मागे वळूनही पाहिलं, आता लपवायचं काय. मग वाटी भरली, मधे साखर घातली, परातीतल्या बर्फात बसवून मागच्या बाल्कनीत ठेवली, दार किलकिलं ठेवलं. माझं ठरलं होतं, ऊन उतरलं की जायचं आणि भाऊंसारखं करंगळीने चाटून टाकायचं. त्यांचा फोन येणार होता, त्यांना सांगायला काहीतरी हवं. मग जरा आडवी झाले आणि डोळा लागला.

उठून बाल्कनीत गेले तर बर्फाचं पाणी झालं होतं आणि वाटी रिकामी होती. कडेकडेने बारीक रेघा, गोल गोल आत गेलेल्या. साखर नव्हती. मी वाटी घेऊन हॉलमध्ये आले. हे पेपर वाचत होते, पेपर तोंडासमोर धरलेला. मी विचारायला तोंड उघडलं. मला माहीत आहे, मी विचारलं असतं तर ह्यांनी खरं ते सांगितलं असतं. हो म्हणाले असते, किंवा नाही म्हणाले असते… मी तोंड मिटलं. इतक्यात फोन वाजला.

"वहिनी," मिरजेहून भाऊ विचारत होते, आणि विचारताना त्यांचा आवाज हुबेहूब इंदूताईंसारखा झाला होता, "घेतली का?"

"घेतली, भाऊ."

तिकडे ते हसल्यासारखे झाले. बरं वाटलं असावं त्यांना. "करंगळीनंच ना?"

रिसीव्हर धरलेल्या हाताची करंगळी माझ्या डोळ्यांसमोरच होती. कोरडी.

"हो," मी म्हटलं.